दुसरी वेलांटी

कन्नमवारनगर, बिल्डिंग एकशे बारा, गच्ची.
लोकांनी घरोघरी स्लायडिंग बसवल्या तेव्हा
टाकून दिलेल्या आठ खिडक्या मी एकेक करून वर चढवल्या.
दोघींना काचा होत्या. बाकी नुसत्या चौकटी.
छपराला अर्धं पारदर्शक प्लास्टिक
आणि पश्चिमेकडच्या अर्ध्याला फ्लेक्स.
फ्लेक्स प्रणितने आणला, त्याच्या घाटकोपरच्या मशीनवरचा,
चुकीचा छापलेला, म्हणून फुकट.

साठ्येबाई, सोसायटीच्या सेक्रेटरी, म्हणाल्या,
मुंबईत कसलं हो हरितगृह? इथं कुठे थंडी?
म्हटलं, थंडीसाठी नाही, कबुतरांसाठी.
आणि मे महिन्यात ऊन थोडं चाळून घ्यावं म्हणून.

रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, बुडाला सात भोकं,
एका बादलीत एकच वेल. दोन लावले तर दोन्ही रडतात.
पाणी सकाळी सहाला, मुळाशी.
पानावर पाणी राहिलं की केवडा येतो,
पिवळे चौकोनी डाग, प्रायमर न मारता रंगवल्यासारखे.
भुरीला आंबट ताक, पाणी घालून, फडक्यातून गाळून.
पाटीवर ओळ आखायची माझी निळीची दोरी
आता छपरातून खाली सोडली आहे.
वेल तिला धरून चढतात. अजून निळ्या होतात माझ्या बोटांच्या चिमटी.

ऊन चढलं की फ्लेक्स आतून उलटा दिसतो :
कुणा भाऊंचा गॉगल, गुलाबांचा हार,
आणि 'हार्दीक शुभेच्छा'.
दी. दुसरी वेलांटी.
आरशातून पाहिल्यासारखी, तरी मला लगेच टोचली.
चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी,
पिठाच्या गिरण्या, दातांचे दवाखाने, ट्रकांच्या पाठी.
प्रणित म्हणाला, कस्टमरनेच तसं लिहून दिलं होतं.
मी म्हटलं, म्हणून काय तसंच छापायचं?
मग महिनाभर फक्त जेवायला वाढलंय का, एवढंच बोलणं.

जूनच्या आधी वेल छपराला टेकला.
फुलं आली, पिवळी, भरपूर.
फुलामागे बोटभर काकडी घेऊन आलेली मादीफुलंही आली,
आणि ती बोटंच पिवळी पडून गळू लागली.
जाळीतून कबुतर येत नाही, तशी माशीही येत नाही
हे मला आधी सुचायला हवं होतं.

ट्रंकेतून झिरो नंबरचा ब्रश काढला.
खारीच्या केसांचा, कडेच्या सोनेरी रेघेसाठी ठेवलेला.
नऊच्या आत, नरफुलात फिरवायचा, मग मादीच्या पोटात.
हात थरथरत होता.
तो सहा वर्षं थरथरतोय.
हे मी घरात कुणाला सांगितलं नाही, पण
फ्लेक्सने धंदा खाल्ला हे खोटं आहे.
बेस्ट बेकरीची उभी रेघ वाकडी आली त्या दिवशी
मीच ब्रश धुऊन ठेवले होते,
आणि शिव्या मशीनला घातल्या.

फुलाला चालते थरथर.
पराग उलट जास्त सुटतो.
भुंगा तरी कुठे सरळ रेघ मारतो?

पहिली काकडी कडू निघाली.
बहिणीकडे पेणला तीन दिवस राहिलो, पाणी चुकलं.
टोक कापून, मीठ लावून, फेस येईपर्यंत घासलं,
तरी कडू.
प्रणितने खाल्ली. सगळी. काही बोलला नाही.

परवा रविवारी तो वर आला,
दोरीला धरलेल्या तंतूकडे बोट केलं :
हे स्प्रिंगसारखं काय?
म्हटलं, नीट बघ. अर्धा उजवीकडे वळलाय,
मधे थोडा सरळ, मग अर्धा डावीकडे.
पहिली आणि दुसरी, दोन्ही वेलांट्या एकाच काडीत.
नाव काय उगाच पडलंय?

तो बघत राहिला. मग मान वर करून छपराकडे.
म्हणजे भाऊंचंही चालेल म्हणायचं.

नाही, म्हटलं. ते चूकच.
ही धर. ही गोड असेल.