बुधवारी चार वाजता

विडी घरकुलात, बोल्लींच्या बंद कारखान्यात बसतो आम्ही.
माग भंगारात गेले, फरशीत बोल्टांची भोकं उरली;
ती चुकवून सतरंजी.

नियम एकच, नरसव्वानं घातलेला:
"आता बरंय ना?" असं विचारायचं नाही.
विचारायचं, रात्री कितीला जाग आली.

मला तीनला.
अंबुबाईला दीडला, सांधे ठणकतात,
मग अंधारातच पानं कातरत बसते.
यल्लप्पा म्हणाला, मला उठावंसंच वाटत नाही.
त्या दिवशी त्याला घरी सोडायला चौघं गेले.

माझं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा.
मे महिन्यातल्या सोलापुरात दिवसाला लिटरभर पाणी.
नळ पाचव्या दिवशी येतो,
गाव घागरी मोजतं, मी घोट.
हे सांगताना एकदा रडलो.
पुढच्या बुधवारी चहा आला
तो सगळ्यांच्याच कपात अर्धा.

भरून येऊन म्हटलं,
आपण तुटलेले धागे, एकमेकांना गाठ मारून...
नरसव्वानं तिथंच तोडलं:
"तीस वर्षं कांड्या भरल्यात मी.
गाठ मारायला माग थांबवावा लागतो, बाबा.
आपल्यासाठी कोण थांबवतंय?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं.
अंबुबाईनं शेंगाचटणीची पुडी सोडली,
मला मीठ चालत नाही हे आठवून परत बांधली.

उठताना लक्ष्मीपतीमामा,
मागांच्या खडखडाटानं कान गेलेले,
माझ्या हातावर, फिस्टुल्यावर तळवा ठेवतात.
आत रक्त घरघरतं.
बराच वेळ ठेवतात.
"चालू आहे,"
ओरडून सांगतात,
जणू मीच बहिरा.