काळं म्हणजे पाणी

बारा दिवसांतून एकदा तो
येळ्ळूरच्या शिवारावरून जातो.
सहाच्या सुमाराला, म्हशीच्या धारा चालू असतात तेव्हा.
आवाज नाही, सावली नाही.
ढगांचं त्याला काही वाटत नाही,
कारण तो बघतच नाही मुळी. हाक मारतो,
आणि जेवढी ओ परत येईल
तेवढी राखाडी ठिपक्यांत मांडून ठेवतो.

साचलेलं सपाट पाणी ओ देत नाही.
आलेली हाक ते घसरवून देतं पल्याड, भलतीकडे.
म्हणून नकाशात पाणी काळं.
हे मी बेळगावच्या ऑफिसात दोन दिवसांत शिकले,
चहा-उप्पिटासकट.
वहीत लिहिलं: काळं म्हणजे पाणी.
खाली दोन रेघा मारल्या.

माझं काम पायांचं.
वर जे दिसलं ते खाली आहे का, जाऊन बघायचं.
टॅबलेट, टेप, एका बाजूला फाटलेले गमबूट.
बळ्ळारी नाल्याच्या अंगाला
तुळसा हलगेकरचा तुकडा, एकोणतीस गुंठे, बासमती.
नकाशात पांढरा. शेजारपाजाऱ्यात सगळ्यात लख्ख.
साहेब फोनवर म्हणाले,
"ब्राईट आहे ना? मग पीक जोरात आहे. पुढचा प्लॉट घ्या."
मी तेव्हा मांडीइतक्या पाण्यात उभी होते.

बांधावरून, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन, ती:
"काय बघूलालीस गे त्यात?"
"तुमचं शेत."
"शेत हिकडं हाय."

रात्री खोलीवर पीडीएफ उघडली, पान सत्तेचाळीस.
पाण्यात ताटं उभी असली की
हाक आधी पाण्यावर आपटते, मग ताटावर,
आणि आली तशी सरळ माघारी जाते, दुप्पट जोरानं.
म्हणजे बुडायला लागलेलं भात
सगळ्यात मोठ्यानं ओ देतं,
आणि आम्ही म्हणतो, तब्येत छान आहे.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, जमेल तसं.
तिनं ऐकलं. कंबरेची चंची सोडली, पान काढलं.
"मग काळं कवा हुतं?"
"शेंडे बुडाले की."
पानाला चुना लावायचा थांबला.
"म्हंजे वरडायचं बंद झालं की तुमाला कळतं."

फॉर्म कन्नडमध्ये. मी वाचून भरते.
उताऱ्यावर ती तुळसव्वा, आधारवर तुळसाबाई,
दोघींची सही अंगठ्याची, एकाच.
नववा रकाना: पीक किती दिवस पाण्याखाली?
मागची फेरी पांढरी. ही उद्याची बहुतेक काळी येईल.
मधल्या बारा दिवसांचं वर कुणाकडेच काही नाही.

तिच्याकडे होतं.
शेताच्या मधोमध रोवलेला बांबू,
त्यावर रोज सकाळी, पाणी लागेल तिथं
चुन्याचं एक बोट.
खालची दोन पुसट झालेली, चाचपली तर लागतात.
मी मोजली. तिनं परत मोजली.
नऊ.
टॅबलेटमध्ये बांबू नाही. 'इतर' आहे, चाळीस अक्षरांपुरतं.
लिहिलं: काठीवर चुन्याची नऊ बोटं, मी पाहिली.
फोटो काढला. थेंब पडलेला, जरा हलला.

"आन् नाला कुणी तुंबवला
ते दिसतं काय त्याला?"
नाल्याच्या तोंडावर जलपर्णी गच्च.
त्याच्या लेखी ती जमीनच, हिरवी, कोरडी,
नांगरता येईल अशी.
हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली,
पानाचं लाल तोंड लपवत.

बांधावर बसून मी बूट उलटा केला.
पाण्याबरोबर बोटाएवढी शिंगटी पडली, गवतात तडफडली.
तुळसाकाकूनं ती ओंजळीत घेतली,
आणि कुठं सोडावी म्हणून
क्षणभर नाल्याकडे बघितलं, क्षणभर शेताकडे.