तीस टक्क्यांपर्यंत

शेजारचा क्लिफर्ड ॲक्रॉइड
वर्षातून दोनदा, तेल बदलताना,
निळी बाटली उघडतो.
तीनशे मिली. सव्वाअकरा पौंड.
वर लिहिलंय, इंजिनची झीज कमी करते
तीस टक्क्यांपर्यंत.

मी म्हटलं, क्लिफर्ड,
यातला सगळ्यात महाग शब्द 'पर्यंत'.
शून्यही त्यात पाय पसरून झोपतं.

माझं पोट याच धंद्यावर.
हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेत
बसगाड्यांची, कचऱ्याच्या ट्रकांची
जुनी तेलं येतात, छोट्या बाटल्यांत, चिठ्ठी लावून,
लघवीच्या नमुन्यांसारखी.
लोखंड किती, तांबं किती, शिसं किती,
दहा लाखांत किती कण.
तेल खोटं बोलत नाही, म्हणजे
तेवढी अक्कल त्याला नाही.

तर मी त्याच्याकडून दोन नमुने मागून घेतले.
बाटलीविना सहा महिने काढले बिचाऱ्यानं,
उपास धरावा तसे.
झाकणांवर पेन्सिलीनं लिहून दिलं : 'सह' आणि 'विना'.
लोखंड एकवीस. लोखंड एकोणीस.
एकोणीस कुठलं ते सांगायचं टाळता आलं असतं,
पण सांगते, विना.
अर्थात दोनाचा फरक म्हणजे यंत्राची उचकी.

त्याच्या ओट्याला टेकून मी समजावलं :
चांगल्या तेलात लागतं ते आधीच असतं,
जस्त, फॉस्फरस, मळ धरून ठेवणारं काय काय,
कुणीतरी मोजूनमापून घातलेलं.
झालेल्या आमटीत तू वरून मीठ टाकतोस.
"आमटी?"
ग्रेव्ही, क्लिफर्ड, ग्रेव्ही.

त्यानं ऐकून घेतलं. चहात दूध ओतलं.
मग म्हणाला,
"दोन लाख अकरा हजार मैल झाले, पोरी."
यावर माझ्याकडे तक्ता नव्हता.

नोव्हेंबरात, उशिराची पाळी संपवून
कीथलीला परतताना, डेनहोमच्या चढावर
डॅशबोर्डवर तांबडी झारी पेटली,
इवलीशी, तोटीला एक थेंब लटकलेला.
गाडी कडेला घेतली.
बॉनेटची कळ नेमकी कुठे असते
ते शोधायला मोबाइलचा उजेड लागला.
काडी ओढली, पुसली,
परत घातली, परत ओढली.
लोकां सांगे ब्रह्मज्ञान,
पुढचं काडीनंच म्हटलं.

तो चाळीस मिनिटांत आला.
पायजम्यावर कोट, हातात पाच लिटरचा डबा.
बोलला नाही काही. नरसाळं मी धरलं.
थोडं ओत, थांब, काडी बघ, पुन्हा थोडं.
वाऱ्यात मेंढ्यांचा वास येत होता,
आणि मला उगाच दिसत होते
त्याचे सगळे शनिवार :
बाटलीचा गुण येतोय का ते बघायला
हा माणूस दर आठवड्याला बॉनेट उघडतो.
काडी उजेडात धरतो, बोटांत तेल चोळतो, हुंगतो,
घटलं असेल तर भर घालतो,
खालून ठिबकत असेल तर वाकून बघतो, गुडघे कुरकुरत असले तरी.
झीज कमी होते ती इथे.
किती टक्के, ते मोजणारं यंत्र
आमच्याकडे अजून आलेलं नाही.

डबा बंद करून त्यानं कोटाच्या खिशातून
निळी बाटली अर्धी बाहेर काढली
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली, नको.
त्यानं ती परत आत सरकवली, नीट,
चष्मा ठेवावा तशी.

सोमवारी माझ्या गाडीचा नमुना
मी एका बसच्या नंबराखाली लावून दिला.
ताजं तेल मिसळूनही लोखंड चौऱ्याऐंशी.
नदीमनं कागद दिव्याखाली धरला,
म्हणाला, कुणाची गं ही?
बघतबिघत नाहीत का लोक?