शनिवारचं आंधण

भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यामागे, कोऱ्या बाजूला,
मी शनिवार लिहून काढतो आहे.
सकाळी सात: आंधण.
चौदा लिटर पाणी, त्र्याहत्तर अंशांवर.
त्यात पाच किलो जवाची भरड पडली
की सहा अंश उतरतील, असं गणित म्हणतं.
गणिताने लुनेनबर्गमधलं माझं गॅरेज पाहिलेलं नाही.
फेब्रुवारीत तिथे रंगाचा डबासुद्धा गोठतो.
म्हणून बाजूला, बारीक अक्षरात: पंच्याहत्तर?

आजवर डब्यातला माल्टचा पाक ओतत आलो.
पाण्यात ढवळला, उकळला, निववला,
वरून यीस्ट भुरभुरलं, झालं.
ती बिअर वाईट नव्हती.
मेव्हणा डेल्बर्ट पेटीच्या पेटी घरी न्यायचा,
माझ्यासमोर मात्र दुसरा ग्लास कधी घेतला नाही.

यंदा दाण्यापासून.
मोड आणून भाजलेले जव, चावून पाहिले:
आधी बिस्किट, मग गोड,
मग दाढेत अडकलेलं टरफल.
तांबूस दाणे वेगळे, रंगापुरते, तीनशे ग्रॅम.
चावून चावून ते मी दोनशे ऐंशीवर आणलेत.

पातेलं व्हर्ना निकलचं, चाळीस लिटरचं.
तेवीस उन्हाळे त्यात लॉबस्टर लाल झाले.
व्हिनेगर झालं, सोडा झाला, रात्रभर लिंबाच्या साली झाल्या,
तरी झाकण उघडलं की धक्काच,
बंदरावरचा, मासळीसकट.
भाड्याच्या बदल्यात चोथा तिच्या कोंबड्यांना.
"बिअर कशी झाली ते मला नको सांगूस," ती म्हणाली,
"कोंबड्याच सांगतील."

निळी शीतपेटी, जिच्यातून मुलांच्या हॉकीला सँडविच जायची,
तिच्या बुडाशी भोक पाडलं, पितळी तोटी बसवली.
भोक पडून झाल्यावर ग्लेंडाने विचारलं,
"आणि सहलीला काय न्यायचं?"
मुलगा एडमंटनला असतो. मुलगी त्याहून लांब.
मी म्हटलं, तोटीतून सरबत येईल.
ती हसली नाही. तोटी एकदा फिरवून पाहिली, बंद केली.

तीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात काट्यावर.
स्कॅलप येतात, तोलतो, आकडा, खाली सही.
माझा आकडा नेहमी घडून गेलेल्या गोष्टीचा.
इथे एक रकाना आहे:
दाण्यातली किती साखर पाण्यात उतरेल?
शंभरात सत्तर, म्हणतात जाणते.
पहिल्या खेपेला पासष्टच धर, म्हणतात भित्रे.
त्यावर सगळं उभं:
हायड्रोमीटर हजार पन्नासवर तरंगणार
की चाळीसवरच बुड टेकणार.
पेन्सिल तिथे थांबली.
काट्यावर न चढलेलं वजन मी कधी लिहिलेलं नाही.

तो रकाना सोडून पुढे गेलो.
हॉप्सच्या गोळ्या, हिरव्या, शेळीच्या लेंड्यांसारख्या:
उकळी फुटताच तीस ग्रॅम, कडवटपणाला;
शेवटच्या दहा मिनिटांत पंचवीस;
आच बंद केल्यावर चाळीस, नुसत्या वासाला.
मग थंड करणे: पातेलं अंगणातल्या बर्फात.
(बर्फ असेल तर. नसेल तर व्हर्नाच्या नळीने.)
मग यीस्ट, एक पुडी, विरजणासारखी बेताची.

पण आठ ते नऊच्या मध्ये एक तास आहे,
तिथे लिहायला काही नाही.
झाकण लावलेलं, पेटीभोवती झोपायची पिशवी गुंडाळलेली,
आत सदुसष्ट अंशांवर पिठाची साखर होत राहील.
मी लिहिलं: उघडून बघायचं नाही.
खाली दोन रेघा मारल्या.
मला मी माहीत आहे.

रात्री पाणी प्यायला उठलो तर
कागदावर ग्लेंडाचं अक्षर.
एक वाजता: जेवण. (हे तू विसरलास.)
आणि रिकाम्या रकान्यात बहात्तर,
पेनाने.
केकमध्ये पीठ मुठीने घालते ती,
आणि तिचा केक आजवर बसलेला नाही.

खोडावं की राहू द्यावं, उभा राहिलो.
फ्रिज गुरगुरत होता.
मग तिच्या आकड्याखाली घाईने लिहिलं:
बाटल्या!
सगळ्या डेल्बर्टकडे आहेत.