अडीचकी

टॅबलेटवर चौथा प्रश्न: शिक्षण, वर्षांत.
कौसाबाई म्हणाल्या, अडीच.
रकाना अडीच घेत नाही.
लाल होतो आणि हटून बसतो.

कासेवाडी, दुपारचे दोन. पत्र्याखाली मी, त्या,
आणि माझं पेन चोखणारी नात.
अडीच कसं हो?
तिसरीत दिवाळीच्या सुट्टीत भाऊ झाला, म्हणाल्या,
सुट्टी संपलीच नाही.

मी दोन लिहिलं.
देऊसकर सर म्हणतात, शंका आली की खालचा आकडा घ्या,
लाखभर घरांत असल्या चुका
एकमेकींना खाऊन टाकतात.
सरांच्या खिडकीत टेकडी,
भिंतीवर जगाचा तक्ता.
वर थंडीचे देश, जिथं माणसं निवांत म्हातारी होतात.
आपण मधल्या पानावर, स्टेपलरच्या पिनेपाशी.
एखादी पायरी चढलो
की सर सगळ्यांना चहा सांगतात.

उत्पन्नाला कौसाबाई हसल्या.
पुठ्ठ्याचं सांगू का दुधाच्या पिशव्यांचं?
भंगारवाला काटा मारतो, ते धरून का सोडून?
मी म्हटलं, सरासरी सांगा.

त्या उठल्या. खिळ्यावरून स्प्रिंगचा काटा काढला,
स्वतःच्या पैशांनी घेतलेला.
किलोमागं शंभर ग्रॅम, बावीस वर्षं,
सगळं तोंडपाठ,
अडीच इयत्तांच्या जोरावर.
मग नातीला जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून
हुकाला अडकवलं.
पोर गरगर फिरली, खिदळली.
सव्वानऊ.
अंगणवाडीची बाई दहा लिहिते, म्हणाल्या,
तिला पण वर कुणाला तरी दाखवायचं असतं.

आणि मग, सहज, टॅबलेटकडं बोट करून:
भंगारवाल्याच्या काट्यावर
वजनमापेवाले येऊन शिक्का मारतात.
ह्याच्यावर कोण मारतं?

उत्तरदात्याच्या प्रश्नांना
आमच्याकडं रकाना नाही.

परतीच्या बसमध्ये स्वारगेटला खोळंबलो
तेव्हा आठवत बसले वडिलांची अडीचकी.
किराणा दुकानात हिशेब लिहायचे ते,
पावकी, निमकी, सगळं जिभेवर.
अडीच, पाच, साडेसात, दहा...
सतराव्याला मी अडखळले.
माझी शिक्षणाची वर्षंही सतराच. पूर्णांक.
माझा रकाना कधीच लाल झालेला नाही.

डेक्कनच्या आधी कौसाबाईंचा अर्ज पुन्हा उघडला.
आकड्याच्या रकान्यात अक्षर चालत नाही,
पण नावाच्या रकान्यात काहीही चालतं.
नवऱ्याचं नाव त्यांनी सांगितलं नव्हतं,
नको ते, म्हणाल्या होत्या.
त्या मोकळ्या जागेत टाइप केलं:
कौसाबाई अडीच लोंढे.

यंत्रानं निमूट घेतलं.

उद्या सकाळी ऑफिसात
सगळ्यात आधी नावं गाळतात, गोपनीयतेसाठी,
मग उरलेलं जगाकडं जातं.
म्हणजे आजची रात्र आहे.
सतरा अडीच साडेबेचाळीस.
आत्ता आठवलं, उतरताना.