तळटीप क्रमांक एकशे बारा

सातव्या वर्षी प्रबंधाचं नाव चौथ्यांदा बदललं.
आता ते दोन ओळींत मावतं,
आणि मधल्या अपूर्णविरामापाशी
आई दर वेळी दम घेते.
"म्हणजे नाटकात काम करणार तू?"
"नाही, नाटकाबद्दल लिहिणार."
"त्याला सात वर्षं?"

लाकाय क्रिस्पुलो असलं काही विचारत नाही.
इलोकोसच्या किनाऱ्यावर, तंबाखूच्या शेतांपलीकडे,
त्याच्या गावात संताच्या सणाला कोमेद्या होतो.
पुठ्ठ्याचे मुकुट, लाकडी तलवारी,
बँडच्या ठेक्यावर लढाई.
राजा एरवी ट्रायसिकल चालवतो.
राजकन्या हाँगकाँगहून रजेवर आलेली,
मालकिणीनं दिलेल्या सँडल घालून.
संवाद कुणालाच पाठ नसतात.
नसायचेच असतात.
पडद्याआडून लाकाय ओळ सांगतो,
भाजीचा भाव सांगावा तशी,
आणि ती राजाच्या तोंडातून
मुकुट घालून बाहेर येते.

मी लिहिलं: 'उसना आवाज'.
मॅग्बानुआ मॅडमनी समासात पेन्सिलीनं लिहिलं: पुरावा?
म्हणून रेकॉर्डर नेला.
तेरा तासांचं ध्वनिमुद्रण. त्यात
राजा आहे, कोंबडे, फटाके,
कुणाचं तरी न थांबणारं मूल.
लाकाय नाही.
ज्याच्यावर प्रबंध, तेवढाच नाही.

मग शिष्यवृत्ती संपली.
केझॉन सिटीत, कॉल सेंटरच्या रात्रपाळीत
पडद्यावर ओळी उमटायच्या,
मी त्या ओहायोतल्या एका संतापलेल्या बाईला
नम्रपणे म्हणून दाखवायचे.
"तुझं खरं नाव काय गं?" तिनं एकदा विचारलं.
पडद्यावर त्याचं उत्तर नव्हतं.
मी फोन होल्डवर ठेवला.

सहाव्या वर्षीच्या सणाला, दुसऱ्या अंकात
लाकायला खोकला आला तो थांबेना.
राजा तलवार उगारून उभा.
बँडवाल्यांनी तोच ठेका पुन्हा धरला, पुन्हा,
आणि लाकायनं वही माझ्या मांडीवर टाकली.
त्या वहीवर माझ्या एकोणीस तळटीपा आहेत.
शाई, कागद, मेणाचे डाग, कोणत्या पानाला वाळवी,
सगळं ठाऊक.
वाचायची कशी, ते नाही.
पहिली ओळ इतक्या जोरात सांगितली
की पुढच्या बाकांवर लोक हसले.
दुसरी राजानं ऐकलीच नाही.
तिसरीला लाकायनं माझं मनगट धरलं,
जिथे थांबायचं तिथे दाबलं,
सोडलं की बोलायचं.
पहाटे दोनपर्यंत.
पाय बधिर. ओठ कोरडे.
शेवटी राजकन्येचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं,
आणि टाळ्या पडल्या त्या तिला.
मला एका बाईनं उरलेला भात आणून दिला.

तोंडी परीक्षेला पाच जण होते.
बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले,
"त्या रात्री आपण निरीक्षक होता
की प्रयोगात सहभागी?"
जीभ टाळ्याला चिकटली.
मागे वळून पाहिलं, खरंच पाहिलं.
मागे फक्त वॉटर कूलर,
बुडबुडा सोडणारा.
मी मनगट दुसऱ्या हातात धरलं.
थांबले. सोडलं.
काय बोलले ते आता आठवत नाही;
मॅग्बानुआ मॅडम म्हणतात, बरं बोललीस,
जरा हळू बोललीस.

किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य.
प्रकरण चारमधून 'मी' काढावा.
काढला. एकूण एकतीस ठिकाणी.
उरली ती पानाच्या तळाशी एक ओळ,
बारीक अक्षरात:
*त्या वर्षी दुसऱ्या अंकापासून संवाद
अन्य व्यक्तीने सांगितले.*

आईला फोन केला, ती रडली,
मग शेजारणीला हाक मारून माझं डॉक्टर होणं
कोणत्या आजाराचं नाही ते समजावत बसली.
लाकायला केला.
पलीकडे खोकला, कोंबडा, पुन्हा खोकला.
डिग्रीचं सांगितलं. "हं," म्हणाला.
मग थोडं थांबून,
"वही तुझ्याकडंच राहिलीय ना?
वाळवीपासून जप.
सण पुढच्या वर्षी मंगळवारी येतोय."