डावीकडून पाणी कमी

अंबडच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
आमची ज्योत एकूण अकरा सेकंद जगते.
त्यापुढे तांबं सहन करत नाही.
त्या अकरा सेकंदांसाठी
सकाळी साडेसहापासून पंप तपासायचे,
अर्गॉनच्या सिलिंडरांना साबणाचा फेस लावून
फुगा येतो का बघत बसायचं.
व्हॅक्यूमचा काटा उतरेपर्यंत
कोकणीभाई तीन चहा पितात, मी एक.

मग चंद्रात्रे सर चष्म्यावर काळा चष्मा चढवतात
आणि म्हणतात, "हं."
एवढंच. उलटी मोजणी वगैरे सिनेमात.

काचेतून दिसतं ते आधी जांभळं, मग पांढरं,
मग रंग म्हणावा असं काही उरतच नाही.
पुस्तकात हिला पदार्थाची चौथी अवस्था म्हणतात.
मला मात्र पहिल्या दिवसापासून
वायूच्या अंगात आल्यासारखं वाटतं:
कोण बोलतंय, कुणाच्या तोंडून, कळत नाही.

समोर रुपयाएवढी काळी चकती.
तिला सांगायचं, समज,
तू आकाशातून परत येते आहेस.
ती समजते.
कडेनं लाल होते, सोलत जाते,
एकेक पापुद्रा देऊन मागचं वाचवते.
अकरा. बंद.
पंखे तेवढे बडबडत राहतात.

या महिन्यात चौथ्यांदा नॉझल खाल्लं गेलं,
एकाच बाजूनं,
उंदरानं भाकरी कुरतडावी तसं.
सरांनी आलेख काढले, करंट उतरवला.
शेवाळेनं अर्थिंगवर संशय घेतला
(तो लग्न मोडलं तरी अर्थिंगवर संशय घेईल).
मी ते रुमालात बांधून घरी नेलं.

तांबट आळीत आता ठोके कमी,
मोबाईलची कव्हरं जास्त.
आप्पांचे दोन्ही कान गेलेत.
चाळीस वर्षं घंगाळं मठारली, त्याचं व्याज.
त्यांनी नॉझल उजेडात धरलं, वास घेतला,
मी नको नको म्हणेपर्यंत जीभ लावली,
आणि अंगठा आतून फिरवला,
तान्ह्याच्या टाळूवर फिरवावा इतका हळू.

"तांबं चोख आहे.
डावीकडून पाणी कमी येतंय याला."

कसं कळलं, मी हातानंच विचारलं.
"जिथं तहान लागली तिथं मऊ पडलंय, पोरी."
मग बहिऱ्या माणसाच्या आवाजात, आख्ख्या आळीला:
"बंब पेटवता, आणि पाणी बघत नाही?"

सोमवारी जॅकेट उघडलं.
डाव्या वाहिनीत बोअरच्या पाण्याचा चुना,
शिंपल्यासारखा, थरावर थर.
सर बराच वेळ वाकून बघत होते.
नोंदवहीत लिहिलं: शीतलन अपुरे, डावी बाजू.
कुणी ओळखलं, असा रकाना
आमच्या वहीत नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
ना. ग. तांबट, अंगठा.

काल ज्योत एकोणीस सेकंद जगली.
घरी जाऊन आप्पांना बोटांनी दाखवलं,
आधी दहा, मग नऊ.
त्यांना वाटलं वर्षं.
"मग पुष्कळ झालं की," म्हणाले,
आणि परातीतली डाळ निवडू लागले.